पाच वाजेपर्यंत

कॉर्नर मिळाला आणि माझा भाचा सोफ्यावरून उठून ओरडला. गोल नव्हता. बचावपटूच्या नडगीला लागून चेंडू रेषेबाहेर गेला होता, इतकंच. मग त्याच कॉर्नरवर गोल झाला, उंच उडी घेऊन मारलेला देखणा हेडर, आणि तेव्हा तो मोबाइलवर काहीतरी दाबत होता. "अरे, गोल!" मी म्हटलं. "बघितला की," तो म्हणाला. त्याने बघितला नव्हता.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. हा मुलगा कोल्हापूरचा. ताई लालबागची, लग्न होऊन कोल्हापुरात गेली, आणि तिचा मुलगा शाहू स्टेडियमवर वाढला म्हटलं तरी चालेल. पाटाकडील आणि दिलबहारचा सामना असला की वडिलांच्या खांद्यावर बसून जायचा. घरी आला की आजीसाठी स्वयंपाकघराच्या फरशीवर शेंगदाणे मांडून गोल कसा झाला ते दाखवायचा. हा आपला, हा त्यांचा, इथून पास, असा वळला. बावीस शेंगदाणे आणि चेंडू म्हणून एक फुटाणा. आजीला त्यातलं काही कळत नसे, पण गोल होईपर्यंत एकाही शेंगदाण्याला हात लावायचा नाही असा त्याचा हुकूम होता, आणि ती तो पाळायची.

तो सप्टेंबर २०२२ मध्ये एमएस्सीसाठी लेस्टरला माझ्याकडे आला. मी नारबरो रोडजवळच्या एका गल्लीत राहते. नदीच्या पलीकडे लेस्टर सिटीचं मैदान आहे. वारा तिकडून असला की गर्दीचा आवाज स्वयंपाकघरात येतो. यजमानांचा गोल झाला तर आवाज एकदम फुटतो; पाहुण्यांचा झाला तर एका कोपऱ्यातून बारीकसा येतो आणि बाकी मैदान गप्प. इतकी वर्षं मी एकटीच हे ऐकत होते. आता घरात खेळ कळणारं माणूस आलं म्हणून मला फार बरं वाटलं होतं.

मार्चमध्ये कळलं की फीचा दुसरा हप्ता भरलेलाच नाही. साडेचार हजार पौंड. ताईने पाटल्या गहाण ठेवून पाठवलेले.

त्या रात्री तो माझ्यासमोर बसला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. "मावशी, तूच बघ. मला सांगायला जमणार नाही." मी बघत गेले. यादी संपेचना. पुढचा कॉर्नर कोणाला. पुढचं पिवळं कार्ड कोणाला. येत्या दहा मिनिटांत गोल होणार की नाही. एका सामन्यावर, फक्त एका, मी मोजल्या, ४३ पैजा होत्या. दोन पौंड, पाच पौंड, मग वीस, मग पन्नास. वेळा वाचताना माझं बोट थांबलं. ४:११. ४:१२. ४:१२. ४:१४. एक पैज हरल्याचं त्याला नीट कळलंही नसेल तोवर दुसरी लागलेली होती.

मला तेव्हा शेजारच्या आजोबांचा बिस्किटांचा डबा आठवला.

शेजारचे आजोबा या शहरातल्या होजिअरी कारखान्यात विणाईच्या यंत्रावर चाळीस वर्षं होते. मला 'डक' म्हणतात. इकडच्या बोलीत मायेने सगळ्यांनाच डक म्हणतात, बस ड्रायव्हरसुद्धा. त्यांच्या डब्यात फुटबॉल पूल्सची, म्हणजे सामन्यांचे निकाल ओळखायच्या पैजेची, जुनी कूपनं जपून ठेवलेली आहेत. बॉलपेनच्या फुल्या मारलेली, घडीवर फाटत आलेली. त्यांनी ती मला एकदा तासभर समजावून सांगितली होती.

पूल्सची गोष्ट सुरू होते १९२३ मध्ये. लिव्हरपूलच्या जॉन मूर्स या तरुणाने दोन मित्रांबरोबर लिटलवुड्स नावाने हा धंदा काढला. पहिली ४,००० कूपनं त्यांनी मँचेस्टर युनायटेडच्या मैदानाबाहेर वाटली. भरून परत आली ३५. मित्रांनी धंदा सोडला, मूर्सने सोडला नाही, आणि पुढच्या दोन पिढ्यांत इंग्लंडच्या कामगार वस्त्यांमध्ये कूपन न भरणारं घर शोधावं लागेल अशी वेळ आली. १९४६ पासून त्यात ट्रेबल चान्स आला. कूपनावरच्या लांबलचक यादीतून आठ सामने निवडायचे, जे बरोबरीत सुटतील असं वाटतं ते. बरोबरीला सर्वांत जास्त, म्हणजे तीन गुण. आठही साधले तर चोवीस, आणि मग आयुष्यभराची ददात मिटली.

मला यातली बरोबरीची गोष्ट फार आवडते. फुटबॉलमध्ये गोल कमी होतात, म्हणून बरोबऱ्या पुष्कळ होतात, आणि एरवी बरोबरी कोणालाच नको असते. पण या लोकांनी आठवडाभर बरोबरीचाच विचार केला. कोणते दोन संघ सारखेच थकलेत, कुठे पाऊस आहे, कोणाचा गोलरक्षक परतलाय. लेस्टरचा सामना मात्र आजोबांनी आयुष्यात एकदाही त्या आठांत घेतला नाही. आपल्या संघासाठी बरोबरी कशी मागायची, असं त्यांचं म्हणणं.

बुधवारी रात्री ते कूपन भरायचे. गुरुवारी गोळा करणाऱ्या बाई दारात यायच्या, त्यांच्या कारखान्यातल्याच एकाची बायको. मग शनिवारपर्यंत काही करता येत नसे. तीन वाजता सामने सुरू, पावणेपाचच्या आत संपायचे, आणि पाच वाजता रेडिओवर निकाल. बीबीसी रेडिओवर जेम्स अलेक्झांडर गॉर्डन वाचायचे, २०१३ पर्यंत. पहिल्या संघाचे गोल सांगून दुसऱ्या संघाचं नाव घेताना त्यांचा आवाज चढला की उतरला, यावरून आकडा यायच्या आधीच निकाल कळायचा. बरोबरीचा सूर वेगळा असे, दोन्ही नावं एकाच पातळीवर. आजोबा तो सूर अजून काढून दाखवतात.

१९६३ च्या जानेवारीत इतका बर्फ पडला की आठवड्यामागून आठवडे सामनेच होईनात. तेव्हा पूल्सवाल्यांनी जाणकारांचं एक मंडळ बसवलं आणि न झालेल्या सामन्यांचे निकाल त्या मंडळाने ठरवून जाहीर केले. उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये फुटबॉल नसतो, तर कूपनावर ऑस्ट्रेलियातले सामने यायचे. लेस्टरबाहेर फारसे न गेलेले आजोबा ऑस्ट्रेलियातल्या उपनगरांची नावं धडाधड सांगतात.

पूल्स म्हणजे काही पुण्याचं काम नव्हतं. जमलेल्या पैशातला मोठा वाटा कंपनी आणि सरकार घेई, आणि ज्यांना लागलं त्यांचंही सगळ्यांचं भलं झालं असं नाही. १९६१ मध्ये कॅसलफर्डच्या व्हिव्ह निकल्सन आणि तिच्या खाणकामगार नवऱ्याला १,५२,३१९ पौंड लागले. काय करणार, असं पत्रकारांनी विचारल्यावर ती म्हणाली, खर्च, खर्च आणि खर्च. चार वर्षांत नवरा मोटार अपघातात गेला आणि पैसाही गेला. हे सगळं आजोबांनाही ठाऊक आहे. तरी त्या डब्यातल्या एकेका कूपनाकडे बघताना मला एक गोष्ट दिसते. पैज लावली बुधवारी, निकाल शनिवारी. मधले तीन दिवस माणूस कामावर गेला, जेवला, बायकोशी भांडला, झोपला. हरल्यावर पुन्हा लावायची तर पुढचा बुधवार यावा लागे.

आमच्या लालबागेत हेच अंतर आकड्याच्या खेळात होतं. आजोबा (माझे, आईचे वडील) गिरणीत होते आणि आकडा लावायचे. न्यूयॉर्कच्या कापसाच्या उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावावरून निघणारा तो जुना आकडा. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांचा वरळी मटका आला, दोन वर्षांनी रतन खत्रींचा. ओपन लागून क्लोज यायला काही तास जायचे. त्या तासांत आजी काय करायची ते मी आईकडून ऐकलंय. पगाराच्या दिवशी ती गिरणीच्या गेटवर उभी राहायची. भांडायची नाही, नुसती उभी. आजोबा बाहेर आले की पाकीट तिच्या हातात. मटक्याने किती घरं बसवली ते गिरणगावाला सांगायला नको, पण आमचं घर त्या गेटामुळे वाचलं. लावणारा आणि निकाल यांच्यामध्ये दुसऱ्या माणसाला उभं राहायला जागा होती.

मोबाइलला गेट नसतं, जिथे ताईने येऊन उभं राहावं.

इथल्या कायद्यालासुद्धा एके काळी ही जागा ठाऊक होती असं वाटतं. १ मे १९६१ रोजी इंग्लंडमध्ये सट्ट्याची दुकानं कायदेशीर झाली, तेव्हा ती मुद्दाम रुक्ष ठेवली होती. बाहेरून आत दिसायचं नाही, बसायला ऐसपैस काही नाही, टीव्ही नाही. पैज लाव आणि चालू लाग. टीव्ही यायला १९८६ उजाडलं. २००५ च्या जुगार कायद्यानंतर, २००७ पासून, सट्ट्याच्या जाहिराती टीव्हीवर मोकळ्या झाल्या. २०२४-२५ च्या मोसमात प्रीमियर लीगच्या २० पैकी ११ क्लबांच्या छातीवर सट्टा कंपन्यांची नावं होती. २०२५-२६ चा मोसम संपला की ती छातीवरून निघतील, असं क्लबांनी २०२३ मध्ये कबूल केलं. बाहीवर आणि मैदानाच्या कडेच्या फलकांवर ती राहतीलच.

पण लेस्टरमध्ये राहून सट्ट्याबद्दल लिहायचं तर २०१६ सोडून कसं चालेल.

त्याच्या आदल्या मोसमात, नाताळला लेस्टर सिटी प्रीमियर लीगच्या तळाला होती. शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून कशीबशी टिकली. नव्या मोसमाच्या सुरुवातीला क्लाउडिओ रानिएरी प्रशिक्षक म्हणून आले आणि लेस्टर विजेती होण्याचा भाव सट्टेवाल्यांनी दिला एकास पाच हजार. मला वाटतं हा भाव कोणी बसून काढलेला नव्हताच. अशक्य गोष्टीची किंमत कोणी काढत नाही, एक मोठा आकडा ठेवून देतात. जेमी वार्डीने सलग ११ सामन्यांत गोल केले. नाताळ गेला, फेब्रुवारी गेला, लेस्टर वरच.

२ मे २०१६, सोमवार, सुट्टीचा दिवस. लेस्टरचा सामनाच नव्हता. लंडनमध्ये टॉटनहॅम चेल्सीविरुद्ध खेळत होते. ते जिंकले नाहीत तर लेस्टर विजेते. मध्यंतराला टॉटनहॅम २-० पुढे. मग गॅरी केहिलचा एक गोल, आणि ८३ व्या मिनिटाला एडन हझार्डचा दुसरा. २-२. शिट्टी वाजली आणि आमच्या गल्लीतली सगळी दारं एकदम उघडली. आजोबा सपाता घालून रस्त्यात उभे होते. पूर्ण आयुष्य बरोबऱ्या शोधलेल्या माणसाला बरोबरीनेच हे दिलं. ते रडत होते आणि मीही. त्यांनी लेस्टरवर एक पेनीही लावली नव्हती.

ज्यांनी लावलं होतं त्यांच्या गोष्टी तेव्हा वर्तमानपत्रांत रोज येत. एकाने ५० पौंड लावले होते. मार्चमध्ये सट्टा कंपनीने त्याला सांगितलं, आत्ताच मिटवायचं तर ७२,३३५ पौंड देतो. त्याने घेतले. मे महिन्यापर्यंत थांबला असता तर अडीच लाख. लोक हळहळले, त्याला मूर्ख म्हणाले. मला तो अजिबात मूर्ख वाटत नाही, इतके पैसे समोर असताना घरभाडं भरणाऱ्या माणसाने दुसरं काय करावं? मला खटकते ती ही 'कॅशआउट' नावाची सोय. पूर्वी पैज लावल्यावर निदान वाट पाहणं तरी लावणाऱ्याचं स्वतःचं होतं. आता वाट पाहण्याचाही भाव निघतो, दर मिनिटाला बदलतो, आणि दर मिनिटाला पुन्हा विचारलं जातं: घेतोस की थांबतोस? अडीच लाखांच्या पैजेला हे विचारतात तसंच दोन पौंडांच्या पैजेलाही विचारतात. माझ्या भाच्याला त्या हिवाळ्यात असं किती हजार वेळा विचारलं गेलं असेल.

हिशेब त्याला येत नव्हता असं नाही. तो डेटा सायन्स शिकत होता! त्या रात्रीनंतर काही दिवसांनी त्यानेच मला कागदावर मांडून दाखवलं. समजा यजमानांच्या विजयाचा भाव २.१० (म्हणजे जिंकलं तर एका पौंडाचे २.१० परत), बरोबरीचा ३.४०, पाहुण्यांचा ३.६०. एकाला २.१० ने भागलं की त्या भावात धरलेली शक्यता निघते, ४७.६ टक्के. तसंच बरोबरीचे २९.४ आणि पाहुण्यांचे २७.८. तिन्हींची बेरीज १०० यायला हवी, येते १०४.८. वरचे ४.८ म्हणजे दुकानदाराचा वाटा. पाच सामने एकत्र बांधून लावले, ज्याला इकडे 'अक्का' म्हणतात, तर हा वाटा पाच वेळा स्वतःवरच चढतो, आणि १०० पौंडांमागे सरासरी ७९ च परत यायची आशा उरते. "आणि हे सगळं मला पहिल्यापासून माहीत होतं मावशी," तो म्हणाला. त्या अक्षराकडे बघवेना. शाळेतल्यासारखं नीट, समासबिमास सोडून.

जो सारखा जिंकतो त्याची पैजेची मर्यादा या कंपन्या पेनींवर आणून ठेवतात, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. जो हरतो त्याला बोलावणं येतं. भाच्याने जानेवारीत दोन दिवस ॲपला हात लावला नव्हता, तर तिसऱ्या दिवशी त्याच्या खात्यात १० पौंडांची फुकट पैज जमा झाली होती. तो संदेश मी स्वतः वाचला. त्याचं नाव घालून, आठवण येते म्हणून लिहिलेला. माझं डोकं इतकं तापलं नव्हतं कधी. परदेशात एकट्या पडलेल्या बावीस वर्षांच्या पोराला आठवण येते म्हणून लिहिणारं तेव्हा दुसरं कोणी नव्हतं, आणि एका घरात राहून मीसुद्धा त्याच्याशी फक्त जेवणाचं बोलत होते.

पैशाहून वाईट गोष्ट मला नंतर कळली. त्याचा खेळावरचा विश्वास उडाला होता. पेनल्टी चुकली की "विकला गेलाय." रेफरीने शिट्टी दिली नाही की "फिक्स आहे." शेंगदाणे मांडणारा मुलगा हा. एकदा आजोबांसमोरच म्हणाला, तेव्हा त्यांनी त्याला डिसेंबर १९६२ मधला इप्सविच–शेफील्ड वेन्सडे सामना सांगितला. शेफील्डच्या पीटर स्वॉन, टोनी के आणि डेव्हिड लेन या तिघांनी आपलाच संघ हरणार म्हणून पैसे लावले, संघ २-० हरला, १९६४ मध्ये वर्तमानपत्राने प्रकरण फोडलं, आणि पुढच्या वर्षी तिघेही तुरुंगात गेले. शंभरेक पौंडांसाठी. स्वॉन इंग्लंडकडून १९ सामने खेळलेला. "आम्ही वर्षभर तो विषय सोडला नाही," आजोबा म्हणाले, "कारण ती गोष्ट कधीतरी घडणारी होती. तुला ती रोज दिसते."

त्या वसंतात आयव्हन टोनीचं प्रकरण गाजत होतं. ब्रेंटफर्डचा स्ट्रायकर, इंग्लंडकडून खेळलेला; सट्ट्याचे २३२ नियमभंग, आठ महिन्यांची बंदी, आणि जुगाराचं व्यसन असल्याचं वैद्यकीय निदान. ऑक्टोबरमध्ये न्यूकॅसलच्या सान्द्रो तोनालीवर दहा महिन्यांची बंदी आली. इटलीत मिलानकडून खेळताना त्याने मिलानच्याच सामन्यांवर पैसे लावले होते. भाच्याने टोनीची बातमी दोनदा वाचली. मग म्हणाला, "त्याला तर खेळायला मिळत होतं मावशी. प्रत्यक्ष मैदानावर. तरी त्याला फोन लागला." मी काही बोलले नाही.

आम्ही केलं ते सांगते, कोणाला उपयोगी पडेल म्हणून. आधी ताईला फोन, खरं तेच सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "जेवला का तो?" दुसऱ्या दिवशी गॅमस्टॉपमध्ये त्याचं नाव घातलं. तिथे एकदा नोंद केली की इथल्या परवानाधारक ऑनलाइन सट्टा कंपन्यांना त्याला खेळू देता येत नाही. सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं असे पर्याय असतात. त्याने पाच वर्षं निवडली, मी सुचवायच्या आधी. मग बँकेच्या ॲपमध्ये जुगाराचे व्यवहार बंद करायची कळ असते ती. मग गॅमकेअरची मदतवाहिनी. पहिल्या फोनला तो चाळीस मिनिटं बोलला, बाथरूमचं दार लावून, आणि बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा धुतलेला होता. फी आम्ही दोघी बहिणींनी मिळून भरली. तो ती अजून फेडतोय, महिन्याच्या एक तारखेला, न चुकता.

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला, तेव्हा ताईने मला ती बातमी पाठवली आणि खाली काहीच लिहिलं नाही. कोल्हापुरात रात्री साडेबाराला चॅम्पियन्स लीग बघत जागणारी पोरं तिच्या खिडकीखालीच बसतात.

२०२३ च्या त्या शरद ऋतूतला एक शनिवार. लेस्टर खालच्या विभागात गेलं होतं. इंग्लंडमध्ये शनिवारी तीनचे सामने टीव्हीवर थेट दाखवत नाहीत, जुना नियम आहे, मैदानं रिकामी पडू नयेत म्हणून. भाच्याने मोबाइल बंद करून मिठाच्या बरणीशेजारी ठेवला होता. आजोबा रेडिओ घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आले होते. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून तो टेबलाच्या अगदी कडेला, त्यांच्या उजव्या कानाशी. मी पोहे करत होते. खिडकी उघडी होती.

आवाज आधी खिडकीतून आला, मोठा, फुटलेला. रेडिओवर तो क्षणभर उशिरा आला. भाच्याने पोह्यांसाठी काढलेल्या शेंगदाण्यांची वाटी पुढे ओढली आणि टेबलावर मांडायला लागला. अकरा इकडे, अकरा तिकडे. निवेदक सांगत होता तसा एकेक सरकवत होता, मध्येच थांबून कान देत होता. आजोबा वाकून बघत होते. "हा कोण?" त्यांनी एका शेंगदाण्यावर बोट ठेवलं. "लेफ्ट बॅक," तो म्हणाला, "हात लावू नका." मग त्यांनी विचारलं, बाकीच्या मैदानांवर काय चाललंय, कुठे बरोबरी आहे का. त्याने घड्याळाकडे बघितलं. पाचला वीस मिनिटं होती.

"पाच वाजू देत की," तो म्हणाला, आणि फुटाणा शोधायला लागला.